आमचे गाव आणि तात्यांचा कागद

(साक्षरता वर्गाच्या शेवटच्या दिवशी केलेले भाषण)



आज तुमच्या वर्गाचा शेवटचा दिवस आहे. तुमचे गुरुजी आम्हाला म्हणाले, "चार शब्द बोला. पण उपदेश फार नको. तुमच्या लहानपणच्या गावाच्या गोष्टी सांगा." हे ऐकून आम्हाला बरे वाटले. उपदेश करायला अंगी अधिकार लागतो. गावच्या गोष्टी सांगायला गाव असले म्हणजे पुरते, आणि गाव तर आपणा सर्वांनाच आहे.

तेव्हा आज आम्ही आमचे गाव सांगणार. त्यात गोड आहे ते सांगू. कडू आहे तेही सांगू. आणि शेवटी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगू. ती चूक आम्ही आजवर चारचौघांत फारशी बोललो नाही.

आमचे गाव

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. गाव लहान. शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचे. एक मारुतीचे देऊळ, एक चावडी, एक पार आणि पारावर एक पिंपळ.

सातारा जिल्हा म्हटले की लोकांना महाबळेश्वर आठवते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमचा माण त्याच जिल्ह्यात, पण पूर्वेच्या टोकाला. ढग पश्चिमेच्या डोंगरावर रिते होतात आणि आमच्याकडे कोरडे येतात. आमच्याकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तोही पडला तर. जिल्हा एक, पण एकीकडे माणूस पावसाला कंटाळतो आणि दुसरीकडे पावसासाठी आभाळाकडे बघून त्याची मान दुखते.

आमची नदी माणगंगा. ती कुळकजाईजवळच्या डोंगरात उगवते आणि पुढे भीमेला मिळते. नाव गंगा, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच असे. वाळूत झिरा उकरायचा. हातभर खाली ओल लागे. मग वाटीने पाणी काढून घागर भरायची. एक घागर भरायला तासभर जाई. आमच्या आईचे निम्मे आयुष्य त्या झिऱ्याशी गेले.

घरे धाब्याची. वर लाकडे, त्यावर काटक्यांचा थर, आणि त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गार. पाऊस आला की माणूस वर चढून पायाने माती दाबी. गळले तर खाली पातेली मांडायची. पण खरे सांगतो, घर गळले तर आमच्या गावात कुणी कुरकुर करीत नसे. "गळू दे," म्हणत. "रानातबी पडत असंल."

मोट

आमचे खरे पीक रब्बीचे. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस झाला की शाळू पेरायचा. पहिल्या पावसावर बाजरी, मटकी, हुलगा. विहिरीला पाणी असले तर थोडे कांदे, मिरची, थोडा गहू.

विहिरीवर मोट चाले. तुमच्यातल्या तरुणांनी मोट पाहिली नसेल. म्हणून सांगतो. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिला खाली सोंड असते. एक जाड दोर, तो नाडा. एक बारीक दोर, तो सोल. नाडा मोट ओढी आणि सोल सोंड वर धरी. बैल उतारावरून पुढे चालले की मोट विहिरीतून वर येई. त्या उताराला धाव म्हणत. मोट वर आली की सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि भळकन पाणी पडे. तिथून पाटाने पाणी रानात. मग बैल मागे पावलांनी धाव चढत आणि रिकामी मोट खाली जाई. असे दिवसभर. बैलाचे सारे आयुष्य त्या वीस-पंचवीस पावलांत.

वडील पहाटे चांदणी उगवताना मोट धरीत. आम्ही दारे धरायला जात असू. एक वाफा भरला की माती ओढून त्याचे तोंड बुजवायचे आणि दुसऱ्याचे उघडायचे. पाणी पायाला गार लागे. तिकडून मोटेच्या चाकाची कुरकुर आणि वडिलांचे गाणे ऐकू येई. ते गाणे बैलांसाठी असे. गाणे थांबले की बैलही थांबत. आम्हाला त्या वेळी झोप फार येई. एकदा आम्ही उभ्या उभ्या डुलकी घेतली आणि सगळे पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात गेले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी बैलांकडे बोट दाखवले. बैल धापा टाकीत होते. आम्ही परत कधी दारे धरताना डुलकी घेतली नाही.

बैल आमच्याकडे खिलारी. पांढरे, उंच, लांब शिंगांचे आणि चालीला चपळ. माणदेशात माणसाची ऐपत त्याच्या दावणीवरून ओळखत. घरात भाकरी कमी असली तरी चालेल, पण दावणीला कडबा हवा.

खळे आणि पेव

माघ-फाल्गुनात खळी होत. खळे शेणाने सारवायचे. मधे तिवडा रोवायचा. कणसे पसरायची आणि तिवड्याभोवती बैल फिरवायचे. मग वारा सुटला की उफणणी. भुसकट उडून जाई आणि दाणा पायाशी पडे. संध्याकाळी रास लागे.

रास लागली की बलुतेदार येत. सुताराने वर्षभर औत नीट केलेले असे. लोहाराने फाळ शेवटलेला असे. चांभाराने मोट शिवलेली असे. कुंभार, न्हावी, परीट, गुरव, सगळ्यांना राशीतून वाटा. पैसा कुणाच्याच हातात फारसा नसे. काम आधी आणि दाणे मागून, असा व्यवहार चाले. साल बरे असले तर तो गोड वाटे. पीक बुडाले की बलुतेदाराचे पोट आधी मारले जाई. त्याने काम केलेले असे, पण मागायचे कुणाकडे? ज्याच्याकडे मागायचे त्याचेच खळे रिकामे असे.

ज्वारी पेवात ठेवीत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला मोठा रांजणासारखा खड्डा. तोंड लहान, पोट मोठे. आतून कडबा लावायचा, धान्य भरायचे आणि तोंड बंद करून वर माती लोटायची. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, असा नियम होता. बंद पेवात विषारी हवा साठते. एक दिवस तोंड उघडे ठेवायचे. मग कंदील दोरीने आत सोडायचा. कंदील विझला तर माणसाने उतरायचे नाही. हे शास्त्र आमच्या आज्याला पुस्तकातून कळले नव्हते. कुणाचा तरी जीव जाऊन ते गावाला कळले होते. आजही जुन्या विहिरीत, शेणाच्या वायूच्या टाकीत किंवा गटाराच्या टाकीत माणसे अशीच गुदमरून मरतात. म्हणून ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा. आत उतरलेला माणूस पडला म्हणून त्याच्यामागे दुसऱ्याने घाईने उडी घालू नये.

सगळेच गोड नव्हते

म्हातारी माणसे गावची आठवण काढू लागली की सगळे गोड गोड सांगतात. दूध घट्ट होते, माणसे सरळ होती, वगैरे. आम्ही तसे सांगणार नाही.

आमच्या गावात पाणवठे दोन होते. उन्हाळ्यात खालचा पाणवठा आटे. मग महारवाड्यातल्या बाया वरच्या विहिरीपाशी येत. पण त्या विहिरीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. घागर घेऊन दूर बसायचे. कुणाला दया आली तर तो वरून ओंजळभर, घागरभर पाणी ओती. आमची आई ओती. पण आईसुद्धा वरूनच ओती. घागरीला घागर लागू देत नसे.

महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी पाण्यासाठी सत्याग्रह केला. २६ जानेवारी १९५० पासून देशाच्या घटनेने अस्पृश्यता बंद केली. १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदाही झाला. आणि तरी आमच्या विहिरीवर बाया ताटकळत बसलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. कायदा झाला होता. तो गावात कुणी वाचून दाखवला नव्हता. आणि ज्यांना वाचता येत होते, त्यांना तो वाचून दाखवायचा नव्हता.

पुढे त्याच वाड्यातला एक मुलगा आमच्याबरोबर शिकला आणि शिक्षक झाला. त्याने विहिरीवर जाऊन स्वतःच्या हाताने पोहरा सोडला. चार दिवस गावात कुजबुज झाली. पाचव्या दिवशी लोक आपापल्या कामाला लागले. आम्हाला तेव्हा वाटले, एवढेच होते तर इतकी वर्षे त्या बाया उन्हात का बसल्या? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. आमची आईही ते देऊ शकली नाही.

तात्यांचा कागद

आता आमची चूक सांगतो.

आमच्या शेजारी एक तात्या होते. नात्याने आमचे कुणी नव्हते, पण आम्ही त्यांच्याच अंगणात वाढलो. तात्यांची अडीच एकर जमीन होती. १९५१ साली मुलीचे लग्न निघाले आणि त्याच वर्षी एक बैल मेला. तात्यांनी शेजारच्या गावच्या सावकाराकडून चारशे रुपये घेतले. जमीन मुदत खरेदीने लिहून दिली.

मुदत खरेदी म्हणजे काय, ते नीट ऐका. कागदावर जमीन विकलेली असते. पण ठरलेल्या मुदतीत पैसे परत दिले तर जमीन परत मिळते, असे त्यात लिहिलेले असते. मुदत टळली की खरेदी कायम. तात्यांना सावकार तोंडाने एवढेच म्हणाला होता, "हाईत की पाच-सात वर्षं. होतील तवा दे." जमीन तात्याच कशीत राहिले. व्याजापोटी दर साल सावकाराच्या घरी ज्वारी पोचवीत राहिले.

१९५४ साली आम्ही चौथीत होतो. गावात वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. आमच्या वाचनाचे घरात मोठे कौतुक. कुणाचे मुंबईहून कार्ड आले की आम्हाला बोलावीत. आम्ही ऐटीत वाचून दाखवीत असू. हातावर गुळाचा खडा पडे.

त्या वर्षी तात्यांनी दोन खोंड म्हसवडच्या जत्रेत विकले. हातात पैसे आले. तात्या विचार करू लागले. पैसे सावकाराला देऊन जमीन सोडवावी, की आधी विहीर खोल करावी? विहिरीला पाणी लागले तर दोन वर्षांत कर्जही फिटेल. मग मुदत किती राहिली आहे ते बघू, असे म्हणून त्यांनी वेळूच्या नळकांड्यातून कागदाची नक्कल काढली आणि आम्हाला हाक मारली.

"पोरा, ह्यात किती वर्षं लिवल्यात बघ बरं."

आम्ही कागद उलगडला. आणि आमचे तोंड कोरडे पडले. कागद मोडीत होता. तुम्हाला ठाऊक असेल, पूर्वी आपल्याकडे दस्तऐवज मोडी लिपीत लिहीत. शाळेत आम्ही शिकलो ती बाळबोध, म्हणजे तुम्ही आज शिकलात तीच. मोडीचे आम्हाला एक अक्षर येत नव्हते. पण आकडे मात्र ओळखीचे दिसले.

भोवती चार माणसे बसलेली. काकू दारात उभ्या. सगळे आमच्या तोंडाकडे बघत होते. त्या वेळी "मला हे येत नाही" एवढे चार शब्द बोलायचे होते. ते आमच्या तोंडून निघाले नाहीत. लाज वाटली. आम्ही कागदावरून बोट फिरवले, ओठ हलवले, आणि कागदात मधेच एक ७ चा आकडा दिसला त्यावर बोट ठेवले. म्हणालो, "सात वर्षं."

तात्यांनी बोटावर हिशेब केला. "म्हंजे अठ्ठावन सालापत्तर मुदत हाय. लई झाली." काकूंनी गुळाचा खडा दिला. आम्ही तो खाल्ला.

तात्यांनी पैसे विहिरीत घातले. दोन उन्हाळे खणले. पाणी लागले. १९५७ साली त्यांचे रान हिरवे झाले. दिवाळीनंतर चारशे रुपये आणि वर व्याज धोतराच्या कनवटीला बांधून तात्या सावकाराकडे गेले. सावकार म्हणाला, "तात्या, मुदत पाच वर्षांची होती. ती छपन्न सालीच संपली. आता जमीन माझी."

तात्या तडक आमच्या शाळेतल्या गुरुजींकडे आले. गुरुजी जुने, त्यांना मोडी येई. त्यांनी कागद वाचला. मुदत पाच वर्षांचीच होती. पण ती अक्षरांत लिहिलेली होती, आकड्यात नव्हे. मग ७ कशाचा? तो जमिनीच्या हिश्श्याचा नंबर होता.

गुरुजींनी विचारले, "सात वर्षे कुणी सांगितली?"

आम्ही तिथेच दाराशी उभे होतो. पायाखालची जमीन हलली म्हणतात तसे झाले. तात्यांनी आमच्याकडे पाहिले. मग गुरुजींना म्हणाले, "पोराला काय बोलू नका. म्या इचारलं, त्यानं सांगितलं. मला सोताला येत असतं तर इचारावं कशाला लागलं असतं?"

त्यांनी आम्हाला शिवी दिली असती, मारले असते, तर आम्ही ते विसरलो असतो. त्यांनी काहीच केले नाही.

अजून एक वाट होती. तीही बंद झाली होती. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला होता. त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाला तिची मालकी मिळावी, अशी तरतूद होती. गुरुजी म्हणाले, "तात्या, जमीन तुम्हीच कसताय. कूळ म्हणून तुमचे नाव लागले असेल तर काही करता येईल." सात-बाराचा उतारा काढला. पीकपाहणीच्या रकान्यात सावकार खुद्द कसतो, असे लिहिलेले निघाले. नांगर तात्यांचा, बैल तात्यांचे, घाम तात्यांचा, आणि कागदावर नाव दुसऱ्याचे. तो उतारा कुणीही पाहू शकत होते. तात्यांनी तो कधी पाहिला नव्हता. पाहिला असता तरी त्यांना तो वाचता आला नसता.

जमीन गेली. जमिनीबरोबर नवी विहीरही गेली. तात्या त्याच विहिरीवर दुसऱ्याची मोट धरू लागले.

रात्रीचा वर्ग

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगाव रात्री प्रौढांचे वर्ग भरू लागले. शाळेचे गुरुजी आणि चार शिकलेली पोरे शिकवीत. आमच्या गावात वर्ग मारुतीच्या देवळात भरे. घरटी पाळीने कंदिलात तेल घालीत. आम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे होतो. गुरुजींनी आम्हाला मदतीला घेतले.

पहिल्याच रात्री तात्या आले आणि पुढच्या रांगेत बसले. केस पांढरे होऊ लागले होते. हातात पाटी. आम्हाला त्यांच्याकडे बघवेना. आम्ही दुसऱ्या टोकाला शिकवायला गेलो. तात्यांनीच हाक मारली.

"इकडं ये. मला तूच शिकव."

आम्ही त्यांच्यापुढे बसलो. तात्या म्हणाले, "पर एक सांगतो. तुला जे येत नसंल ते येत न्हाई म्हणायचं. मीबी तसंच म्हणंन."

तात्यांचा हात नांगराच्या रुमण्याला सरावलेला. पेन्सिल त्यात मावत नसे. 'क' काढताना पाटीवर पेन्सिल मोडे. ते हसत, तुकडा उचलत, पुन्हा काढत. तीन-चार महिन्यांत तात्या सावकाश वाचू लागले. ज्या दिवशी त्यांनी सही केली, त्या दिवशी ते आम्हाला घेऊन तलाठ्याकडे गेले आणि म्हणाले, "माझ्या जुन्या रानाचा उतारा दाखवा." त्यांनी तो सगळा वाचला. बोट ठेवून, एकेक अक्षर लावून. त्यात त्यांचे नाव कुठेच नव्हते. तात्यांनी कागद घडी करून परत दिला. "बरं," म्हणाले. "कळलं."

घरी येताना ते वाटेत काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

बाहत्तरचा दुष्काळ

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याआधीची सालेही आमच्याकडे कोरडीच गेली होती. पेवे रिकामी झाली. रेशनवर तांबडी मिलो मिळे, तिची भाकरी करीत. दावणीचे बैल लोकांनी मिळेल त्या किमतीला विकले. ज्यांच्या दावणीवर ऐपत मोजायची, ती माणसे खडी फोडायला गेली. सरकारने पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे काढली. कामावर सुकडी वाटीत. पुढे त्यातूनच कामाच्या हमीचा विचार पक्का झाला आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला.

आम्ही त्या वेळी बाहेरगावी नोकरीला होतो. सुट्टीत गावी आलो आणि पाझर तलावाच्या कामावर गेलो. पगाराचा दिवस होता. माणसे ओळीने येत, अंगठा उठवीत आणि पैसे घेऊन जात. तात्यांची पाळी आली. शाईचा डबा पुढे सरकला. तात्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, "लेखणी द्या. आन् आधी कागद बघू द्या."

ओळीतली माणसे थांबली. तात्यांनी हजेरीचा कागद हातात घेतला. बोट ठेवून वाचू लागले. वेळ लागला. हजेरी लिहिणारा चिडला. तात्यांनी मान वर केली. "माझं बारा दिवस भरल्यात. हितं नऊ लिवल्यात."

मग त्यांनी स्वतःपुरते बघून कागद खाली ठेवला नाही. पुढचे नाव वाचले. त्याचेही दिवस कमी होते. त्याच्या पुढचेही. साहेबांना बोलावणे गेले. संध्याकाळपर्यंत सगळी हजेरी पुन्हा तपासली गेली आणि माणसांचे राहिलेले दिवस मांडले गेले. मग तात्यांनी सही केली. अक्षर वाकडेच होते.

आम्ही दूर उभे राहून हे पाहत होतो. तात्या जवळ आले. आमच्या हातावर त्यांनी गुळाचा एक खडा ठेवला. बाजारातून घरी नेत होते, त्यातलाच. त्यांना जुनी गोष्ट आठवली होती का, ते आम्हाला माहीत नाही. आम्हाला आठवली. खडा तोंडात घालायला आम्हाला फार वेळ लागला.

आज

तात्या आता नाहीत. काकू नाहीत. आमचे आईवडील नाहीत. गावात मोट नाही, पेव नाही, धाब्याची घरे थोडी उरली आहेत. गावात वीज आली, नळ आला. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी उचलून माणच्या काही भागात पोचले आहे. तात्यांच्या त्या रानात आज दुसऱ्या कुणाचे डाळिंब उभे आहे. विहीर तीच आहे. गावी गेलो की आम्ही तिच्या काठाशी थोडे थांबतो.

आता तुमच्याविषयी दोन गोष्टी.

तुमच्या जमिनीचा सात-बारा तुम्ही स्वतः वाचा. आता तो संगणकावरही निघतो. नाव बरोबर आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, बोजा कुणाचा आहे, पीकपाहणीत काय लिहिले आहे, हे वर्षातून एकदा तरी बघा. घरातल्या बाईचे नाव लागले आहे का, तेही बघा. कोऱ्या कागदावर सही करू नका. आकडा अक्षरांत काय लिहिला आहे ते पाहा. घाई करणाऱ्याला सांगा, "थांबा. मी वाचतो आहे." सावकारीसाठी आपल्या राज्यात २०१४ चा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. बेकायदा सावकारीत कुणी जमीन घेतली असेल तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो आणि त्याची चौकशी होते. तात्यांना असा अर्ज कुणी सांगितला नाही. तुम्हाला आम्ही सांगतो आहोत.

आणि दुसरी गोष्ट. उद्यापासून गावातली माणसे तुमच्याकडे कागद घेऊन येतील. "वाच की रं," म्हणतील. "वाच की गं बाई," म्हणतील. तुम्हाला अभिमान वाटेल, आणि तो वाटावा. पण एखादे अक्षर लागले नाही, एखादा शब्द कळला नाही, कागद इंग्रजीत निघाला, तर तसे सरळ सांगा. "मला येत नाही. चला, ज्याला येते त्याच्याकडे जाऊ." त्याच्याबरोबर चालत जा. आम्ही दहा वर्षांचे असताना तेवढे चाललो असतो तर गुरुजींचे घर दोनशे पावलांवर होते.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. आता तुमच्यापैकी कुणीतरी पुढे या आणि फळ्यावर आपल्या गावाचे नाव लिहा. आम्हाला ते वाचायचे आहे.

राम राम.